करी येतो

तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. गेली बावीस वर्षं मी तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, हिंदीच्या शिकवण्या घेते. माझं निम्मं आयुष्य तमिळ मुलांच्या तोंडून ‘घ’ काढण्यात गेलं. घोडा म्हणा म्हटलं की कोडा म्हणतात. घर म्हणा म्हटलं की कर. मी पट्टी आपटते, ती पुन्हा कर म्हणतात. त्यांचा तरी काय दोष? अक्षरच नाही तर आवाज कुठून यायचा?

आम्ही स्वतः मराठी. तीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांच्या मागोमाग आलेली घराणी. घरात अजून मराठी बोलतो, पण देवनागरी वाचणारं माणूस आमच्यात शोधावं लागतं. मला येते ती हिंदीच्या परीक्षांमुळे. बाकीचे मराठी लिहितात ते तमिळ अक्षरांत. वाण्याची यादी, लग्नाची बोलणी, भांडणाची पत्रं, सगळं त्याच अक्षरांत. वाचणाऱ्याने आपल्या अंदाजाने क चा घ करून घ्यायचा. लहानपणापासून सवय असते, त्यामुळे कोणी चुकत नाही. सहसा चुकत नाही.

माझ्या नवऱ्याचं शेवटचं कार्ड १९९६ च्या मार्चमध्ये आलं. नऊ तारीख, शनिवार. ते आदल्या दिवशी गेले होते. ओरत्तनाडुच्या तालुका कचेरीत ते सर्व्हेअर होते. सकाळी पायऱ्या चढता चढता खाली बसले आणि उठले नाहीत. रघुपती त्यांचं नाव. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही.

कार्डावर एकच ओळ होती. मी ती वाचली ती अशी: ‘दहा तारखेला करी येतो.’

आता हा करी कोण ते सांगायला हवं. करी म्हणजे कोळसा. शब्द तमिळ, पण आमच्या घरात कोळशाला कोळसा कोणी म्हणतच नाही. आणि आमचा करी इस्त्रीतला नव्हे, आकाशातला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लहानमोठे असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यांतला हा एक थोरला. यादीत नंबर दहा, नाव हायजिया. कुठल्याशा ग्रीक आरोग्यदेवीचं नाव आहे म्हणे. तंजावूर ते मद्रासपेक्षा लांब असा तो रुंद आहे, आणि अंगभर कार्बन. इतका काळा की त्याच्यावर शंभर भाग उजेड पडला तर सात भाग परत येतो, बाकीचा तो गिळून टाकतो. ही माहिती मी मागितलेली नाही. तेवीस वर्षं जेवताना कानावर पडत राहिली.

लग्नानंतर सहा महिन्यांनी ह्यांनी मला तो गच्चीवरून दाखवला. दुर्बीण ह्यांनीच केलेली, आरसा महिनोन्‌महिने हाताने घासलेला. मी डोळा लावला. बारीक ठिपके होते, त्यांतला एक करी. आज तो या दोन ताऱ्यांच्या मधे, उद्या किंचित सरकलेला. एवढाच त्याचा तमाशा. ‘दिसत तर काहीच नाही,’ मी म्हटलं. ‘एवढा काळा, एवढा लांब, आणि तरी दिसतो, बघा,’ हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. मी वैतागून त्याचं नाव करी ठेवलं. नाव देवीचं असलं तरी आमच्याकडे तो ‘तो’च राहिला. ग्रह म्हणून असेल, किंवा घरात तिसरा पुरुष असल्यासारखा वावरायचा म्हणून असेल.

मग शहराला नवे दिवस आले. राजवाड्याच्या रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे लागले. कोपऱ्यावर रंगीत टीव्हीचं दुकान उघडलं, त्याची पाटी पहाटेपर्यंत जळायची. गल्ली खूश होती. आमच्या गच्चीवरून मात्र करी दिसेना. सहा वर्षं हे रोज बसने ओरत्तनाडुला जाऊन येत होते, तासाभराचा रस्ता. १९९५ च्या मे महिन्यात एक दिवस म्हणाले, ‘जुलैत करी सगळ्यांत जवळ येतो. तोंवर तिकडेच एक खोली घेतों. तिकडे अजून काळोख आहे.’

आमची मुलगी शांभवी महिन्याभरापूर्वीच मद्रासला गेली होती, पेजर विकणाऱ्या एका नव्या कंपनीत. घरात उरलो होतो आम्ही दोघं. आणि हे गृहस्थ मला एकटीला टाकून एका कोळशापाठी निघाले होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ‘जा,’ मी म्हटलं, ‘त्या करीकडेच रहा. घरी येऊ नका.’

ह्यांनी दुर्बीण चादरीत गुंडाळली, बसच्या टपावर बांधली आणि गेले. आणि सांगितलेलं ऐकण्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच उत्साह आला. जुलै गेला, आले नाहीत. दीपावलीला आले नाहीत. पोंगलला आले नाहीत. महिन्याला एक कार्ड तेवढं येई. मी उभ्या उभ्या नजर टाकी, करीचीच खबर दिसे, आणि कार्ड वह्यांच्या पेटीत टाकून देई. उत्तर एकालाही लिहिलं नाही. मी हट्टी आहे हे सगळी गल्ली सांगेल.

ते गेल्याचा फोन समोरच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाली जयलक्ष्मी धावत आली आणि माझ्याआधी तीच रडली. मी गॅस बंद केला, भाताचं भांडं झाकलं, पायात चपला घातल्या. ओरत्तनाडुहून त्यांना आणलं. लोक जमले, न्यायचं ते नेलं. मी सगळं नीट केलं. ज्याला पाणी द्यायचं त्याला पाणी दिलं. रडू काही आलं नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच मला आपली वाटत नव्हते. बायका माझ्याकडे पाहून आपसांत बोलत होत्या. बोलू देत, म्हटलं.

शनिवारी पोस्टमनने कार्ड दिलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मी ओळ वाचली. मेल्यावरही करीच, असं मनात आलं. राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण तोही आला नाही. हातात हिंदीचं पुस्तक होतं, त्यात कार्ड ठेवलं.

तेरावा झाल्यावर शांभवी माझ्या पुस्तकांची आवराआवर करत होती, तेव्हा ते तिच्या हाती लागलं. तिने ते मोठ्याने वाचलं. तिला देवनागरी येत नाही, मराठी बोलताना निम्मी तमिळ घालते, पण कान तिचा साफ आहे.

‘दहा तारखेला घरी येतो.’

‘करी येतो,’ मी म्हटलं.

‘काय करी? घरी, अम्मा! घरी! अप्पा येत होते.’

‘त्यांचं एकही कार्ड करीशिवाय नसायचं. तुला काय माहीत?’

‘तूंच सांगटलीस त्यांना येऊं नका म्हणून. तरी येत होते. आणि तुला करी दिसतो?’ तिने कार्ड माझ्यापुढे धरलं. ‘तुला तो करीच हवाय, अम्मा. म्हणजे तुझं काही चुकलं नाही.’

‘पोदुम,’ मी म्हटलं. पुरे.

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मद्रासला गेली. जाताना नमस्कार केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतरच्या रविवारी दहा वाजता बूथवर तिचा फोन आला. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, सरी, ठेवते. एक मिनिट पुरलं. मी हो, हो, सरी म्हटलं. सरी म्हणजे बरं.

शिकवण्या मी चौदाव्या दिवशीच सुरू केल्या होत्या. क, ख, ग, घ. मुलं घाबरून बसत. मी पट्टी आपटत नव्हते, त्याचीच त्यांना भीती वाटत असावी.

शांभवी बोलली ते खरं होतं. मला करीच हवा होता. करी असेल तर हिशेब सरळ होता: मी जा म्हटलं, ते गेले, शेवटपर्यंत त्यांच्या मनात तो दगडच होता आणि मी नव्हते. अशा माणसासाठी रडू आलं नाही तर त्यात माझा दोष नाही. पण घरी असेल तर? तर तो माणूस आपणहून, न बोलावता, परत यायला निघाला होता. ते मला सोसलं नसतं. आणि एक गोष्ट मला समजत होती. हे अंदाजाने ठरवायचं कारण नव्हतं. दहा मार्चला करी आकाशात कुठे होता हे सांगणारं एक माणूस गावात होतं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी, दुपारची शिकवणी आटोपून, मी सांबशिवरावांकडे गेले. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, ह्यांचे जुने स्नेही. दुर्बिणीचा आरसा दोघांनी मिळून घासला होता. एकटेच राहतात. मला बघून उठले, खुर्ची पुसली, आत जाऊन दोन पेले कॉफी करून आणली. सांत्वनाचं काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी मनातून त्यांचे आभार मानले.

‘एक विचारायचं होतं,’ मी म्हटलं. ‘या महिन्याच्या दहा तारखेला करी कुठे होता?’

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मास्तर माणूस, प्रश्न आला की आधी उत्तर. कपाटातून एक लांब कागद काढला. ह्यांचंच अक्षर. वर्षभराच्या तारखा आणि पुढे करीची जागा, असा तक्ता. दर वर्षी तो करून एक प्रत सांबशिवरावांना देत असत, हे मला माहीतही नव्हतं.

‘दहा मार्च?’ सांबशिवरावांनी चष्मा वर केला. ‘तेव्हां कुठला करी, सुप्रभाबाई! हें पहा.’ त्यांनी टेबलावर आपला पेला ठेवला, मधे साखरेची बरणी, तिच्यापलीकडे माझा पेला. ‘ही आपण पृथ्वी. ही बरणी सूर्य. आणि तो पलीकडे करी. सूर्याच्या पाठीशीं. सूर्याबरोबर उगवे, सूर्याबरोबर मावळे. या महिन्यांत तो जगांत कोणालाच दिसायचा नाही.’

‘पण तो येतो असं म्हणता आलं असतं? दहा तारखेला?’

‘येतो? कुठून? अजून दोन-तीन महिने तो बाहेर यायचा नाही. दहा तारखेला त्याचं कांहींच नव्हतं, बाई. रविवार होता, एवढंच.’

मी बरणीकडे बघत राहिले. माझा पेला खरोखरच दिसत नव्हता.

रविवार. कचेरीला सुट्टी. म्हणून दहा तारीख. नवल म्हणजे मला तेव्हाही काही झालं नाही. गाल अजून दुसऱ्याचाच होता. घरी, तर घरी, असं म्हणून मी उठले. कॉफी राहिली होती ती उभ्यानेच संपवली.

सांबशिवराव दारापर्यंत आले. ‘रघुपतीला फार कंटाळा आला होता तिकडे,’ ते म्हणाले. ‘सप्टेंबरांत करी शेवटचा पाहिला त्याने. मग पाऊस धरला तो डिसेंबरपर्यंत, आणि पाऊस संपला तोंवर हा सूर्याकडे निघाला. दुर्बीण बांधून ठेवली म्हणून लिहिलं होतं मला. मी लिहिलं, मग येऊन कां जात नाहीस? त्यावर उत्तर नाही.’

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माझ्या डोक्यात ते शिरलं. सप्टेंबरनंतर करी दिसलाच नाही, तर ऑक्टोबरच्या कार्डात करीची खबर कसली? नोव्हेंबरच्या कार्डात कसली? जानेवारीच्या?

पेटी पलंगाखाली होती. मी जमिनीवर बसून वह्या उपसल्या. कार्डं तळाशी गेली होती. दहा होती, मे ते फेब्रुवारी. मी ती तारखेने लावली आणि पहिल्यांदा बसून वाचली.

मे: खोली बरी आहे, विहिरीला पाणी आहे. आणि खाली ती ओळ, जी मी वाचली होती, ‘करी बरं आहे.’ जून: आंबे पाठवले आहेत, मिळाले का. करी बरं आहे. ऑक्टोबर: आठ दिवस पाऊस, छप्पर गळतं. करी बरं आहे. डिसेंबर: खोकला आहे, कमी होईल. करी बरं आहे. फेब्रुवारीच्या कार्डावर दुसरं काहीच नव्हतं. तेवढी ओळ होती.

दहाही कार्डांवर तीच. दहाही वेळा मी उभ्या उभ्या वाचलं, करी बरं आहे, आणि कोळशाला काय होणार आहे धाड भरायला, असं म्हणून टाकून दिलं. करी बरा आहे, असं हवं होतं. तो करी, बरा. मुलांच्या वहीत एवढीशी लिंगाची चूक दिसली तर लाल शाईने गोल काढणारी मी, मला दहा वेळा ती दिसली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं ह्यांना वावडं, प्रश्नचिन्ह ह्यांनी जन्मात कधी घातलं नाही, आणि लिपीत घ नाही. सगळं खरं. पण शांभवीने पहिल्याच फटक्यात घरी वाचलं होतं. तिला ते ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. मला ऐकायचं नव्हतं.

घरी बरं आहे?

दहा वेळा विचारलं होतं त्या माणसाने. येऊ का, असं एकदाही विचारलं नव्हतं, कारण त्याचं उत्तर मी मे महिन्यातच देऊन ठेवलं होतं. म्हणून ते एवढंच विचारत राहिले. मी एक ओळ लिहिली असती, बरं आहे म्हणून, तर ते त्याच संध्याकाळच्या बसने आले असते. मला हे अगदी स्पष्ट कळलं. मी कार्डं पुन्हा पेटीत ठेवली, वह्या ठेवल्या, झाकण लावलं. भात लावला. जेवले सुद्धा. झोपही लागली, हे सांगायची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजता जयलक्ष्मीने रस्त्यावरून हाक मारली, ‘टीचर, फोन!’ बूथमध्ये चारपाच माणसं रांगेत होती. काचेच्या केबिनचं दार बरेच महिने झाले बंद होत नव्हतं, त्यामुळे बोललेलं सगळ्यांना ऐकू जाई. मी रिसीव्हर कानाला लावला.

‘जेवलीस कां?’

‘शांभवी, ऐक,’ मी म्हटलं. ‘घरीच होतं. तू वाचलंस तेच. सांबशिवरावांना विचारून आले. करी त्या दिवशी नव्हताच कुठे.’

 पलीकडे मद्रासच्या बसचे हॉर्न ऐकू येत होते.

‘अजून आहे,’ मी म्हटलं. थांबले असते तर बोलले नसते. ‘तू जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण हे तुला माहीत हवं. आधीच्या दहाही कार्डांवर त्यांनी विचारलं होतं, घरी बरं आहे का. मी ते करी म्हणून वाचलं. दहा महिने. एकदाही उत्तर दिलं नाही.’

‘दहा?’

‘दहा.’

 आता ती फोन ठेवणार, असं मला वाटलं, आणि तिने ठेवला असता तर मी काही म्हटलं नसतं. पैसे देऊन घरी गेले असते. सोमवारी शिकवणी होती.

‘अम्मा,’ शांभवी म्हणाली. तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. ‘अम्मा, घरी बरं आहे?’

मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. हो, सरी, ठेव. पण आतून वेगळंच काहीतरी वर आलं. रिसीव्हर दाताला लागला, आणि तो दात, तो गाल, सगळं एकदम माझं होतं आणि दुखत होतं.

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘घरी बरं नाही. घरी अजिबात बरं नाही.’

हे मी इतक्या मोठ्याने ओरडून सांगितलं की रांगेतली माणसं मागे सरली. त्या प्रश्नाला मी दिलेलं हे पहिलंच उत्तर होतं, आणि दहा वेळा विचारणाऱ्याला सोडून ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.